परतयासाहेबांची मोटरसायकल

गाडी चालवण्याचा परवाना देणाऱ्या कार्यालयात त्यांनी परीक्षक म्हणून तीस वर्षं काढली, आणि या तीस वर्षांत एकालाही तोंडावर 'नापास' म्हटलं नाही. चष्मा नाकावर खाली सरकवायचा, कागदावर फुली मारायची आणि आजारी माणसाशी बोलावं तशा मऊ आवाजात म्हणायचं, "परत या." झालं. गावाने त्यांचं नावच परतयासाहेब ठेवलं. घरी आलेल्या पाहुण्यांना निरोप देतानाही ते सवयीने दाराशी उभे राहून "परत या" म्हणत. आपलं नेमकं काय चुकलं, याचा विचार करत पाहुणे बिचारे जिना उतरत.

परीक्षा साधी होती. कार्यालयामागच्या मैदानात चुन्याची एक रेषा. समोरून मोटरसायकलवर यायचं आणि पुढचं चाक बरोबर रेषेवर थांबवायचं. रेषेच्या अलीकडे थांबलात तरी फुली, पलीकडे गेलात तरी फुली. साहेब रेषेशी पाय जुळवून, पाटी छातीशी धरून उभे. गाडीही ठरलेली, कार्यालयाचीच. कुणी स्वतःची चकचकीत गाडी घेऊन आलाच तर साहेब ती फाटकाबाहेर ठेवायला लावत. "सगळ्यांना एकच गाडी, म्हणजे सगळ्यांना एकच न्याय," असं त्यांचं म्हणणं होतं, आणि या वाक्याचा त्यांना मनापासून अभिमान होता.

स्वतः साहेब त्या गाडीवर एकदाही बसले नव्हते. रोज सकाळी शिपाई ती शेडमधून मैदानात आणून उभी करायचा. परीक्षकाने गाडीवर बसायचं असं नियमात कुठे लिहिलेलं नव्हतं, आणि नियमात नाही ते साहेबांच्या अंगातच नव्हतं.

निवृत्तीच्या दिवशी कार्यालयाने त्यांना तीच मोटरसायकल भेट दिली. खरं तर ती मोडीत काढायची होती, पण भंगारवाला दोनदा येऊन, चारी बाजूंनी पाहून, मान हलवत निघून गेला होता. साहेबांना हे कुणी सांगितलं नाही. हार गळ्यात तसाच ठेवून त्यांनी गाडी ढकलत घरी आणली तेव्हा त्यांचे डोळे ओले होते.

"अहो, हे काय?" बायकोने दारातच विचारलं.

"निरोप."

"निरोप एवढा मोठा देतात?"

दुसऱ्या दिवशी साहेबांनी गाडी घरासमोरच्या पत्र्याच्या छपराखाली उभी केली, समोर खुर्ची टाकली, आणि दोष लिहायला बसले. संध्याकाळपर्यंत सेहेचाळीस दोष झाले. टाकीचा रंग, आरशाची मान, पायटेकूचं रबर, सगळं. पहिल्या क्रमांकावर होती सीट. तिच्यापुढे त्यांनी लिहिलं होतं, 'फाटलेली. बसणाऱ्याचा धीर खचेल अशी.' गाडी पुन्हा नवी करायची, आणि ती क्रमांकाप्रमाणे, असं त्यांनी ठरवलं. बायको म्हणाली, "क्रमांकाप्रमाणेच करायचं असेल तर स्वयंपाकघरातला नळ गाडीच्या आधीपासून गळतोय." साहेबांनी तो सत्तेचाळिसावा लिहून घेतला.

तर सीट. चार बोल्ट काढून ती त्यांनी काखेत मारली आणि बाजारातल्या सीटवाल्याकडे नेली. हा सीटवाला म्हणजे तोंडात खिळे धरून बोलणारा, बारीक चणीचा, पन्नाशीचा माणूस. साहेबांना पाहताच त्याच्या तोंडातले दोन खिळे खाली पडले.

"साहेब, मी नाही ओ अर्ज केला यंदा!" तो म्हणाला.

"मी गिऱ्हाईक म्हणून आलोय."

"असं होय!" त्याचा जीव भांड्यात पडला. मग त्याने सीट हातात घेतली, उलटी केली, सुलटी केली, आणि त्याचा चेहरा बदलला. "हिला ओळखतो मी. सहा वेळा बसलोय हिच्यावर."

सहाही वेळा त्याला परत या झालं होतं. सातव्यांदा अर्ज करायची हिंमत झाली नाही. तेव्हापासून पाच वर्षं तो तयार सीटा डोक्यावर घेऊन गावभर पायी पोचवत होता. हे सगळं त्याने काही तक्रार म्हणून सांगितलं नाही. पाऊसपाण्याबद्दल बोलावं तसं सांगितलं, आणि खालच्या पत्र्याला मारलेल्या पिना पेचकसाने उचकटू लागला.

कव्हर निघालं, तर त्याच्याखाली आणखी एक कव्हर. ते काढलं तर खाली तिसरं. कार्यालयाने दर वेळी जुन्यावरच नवं चढवलं होतं. चौथं, तपकिरी रंगाचं कव्हर निघाल्यावर कुठे फोम दिसला. पिवळा पडलेला, शिळ्या पावासारखा भुगा होणारा. आणि त्या फोमात, शिवणीच्या फटीतून आत खुपसलेल्या चिठ्ठ्या. एक नाही, दोन नाही, बोट घालावं तिथे चिठ्ठी. सीटवाल्याने सीट धरून झटकली तर जमिनीवर ढीग झाला.

"हे काय?" साहेबांनी विचारलं.

"आता काय सांगू," सीटवाला मान खाली घालून म्हणाला. "परीक्षेला बसताना प्रत्येकाच्या खिशात काहीतरी लिहिलेलं असायचंच की. तुम्ही समोरून यायला लागलात की लपवायचं कुठे? बसल्या जागी फट होती."

साहेब खाली बसले आणि एकेक चिठ्ठी उलगडून वाचू लागले. 'लाल गोल म्हणजे नाही. लाल त्रिकोण म्हणजे सांभाळून. निळा गोल म्हणजे करायचंच.' हे ठीक होतं. दुसरी होती, 'साहेब खोकले की घाबरू नकोस, त्यांना सर्दी आहे.' एकीवर नुसतंच, 'आई, मी इथे काय करतोय.' पण पुढे पुढे एक गोष्ट साहेबांच्या लक्षात यायला लागली. वेगवेगळ्या अक्षरात, वेगवेगळ्या कागदांवर, एकच वाक्य परत परत येत होतं. 'रेषेच्या बावीस पावलं आधी ब्रेक दाब.' 'बावीस पावलं, विसरू नकोस.' 'पांढऱ्या दगडापाशी दाबायचा, तिथून बावीस.' एकाने तर मैदानाचा नकाशा काढून दगडावर बाण दाखवला होता.

"बावीस का?" साहेबांनी विचारलं.

सीटवाल्याने त्यांच्याकडे जरा दयेनेच पाहिलं. "साहेब, ती गाडी थांबायचीच तशी. मला हे उशिरा कळलं. कळलं तेव्हा नेमका तो पांढरा दगड कुणीतरी हलवला होता."

सीटवाल्याने नवा फोम कापला, पातळ थर चिकटवून कडा गोल केल्या. जुन्या कव्हराची शिवण उसवून ते रेक्झिनवर पसरलं, खडूने आखून नवं कापलं, कडेने दोरीची पट्टी घालून शिवलं. मग ते उन्हात तापवून, मऊ झाल्यावर पत्र्यावर ताणून आधी पुढे, मग मागे, मग दोन्ही बाजूंना मधून कडेकडे पिना मारत गेला. एकही सुरकुती नाही. एरवी साहेब असं काम पाहून दोन शब्द बोलले असते. पण त्यांच्या डोक्यात बावीस पावलं चालत होती. सीट काखेत मारून ते तसेच मेकॅनिककडे गेले.

मेकॅनिक म्हणजे तिशीची बाई. वडिलांचं गॅरेज तीच चालवायची. कमरेला कायम पाना लटकलेला असायचा म्हणून सगळे तिला पानाताई म्हणत. साहेबांनी तिला पाच वेळा परत या केलं होतं. शेवटी तिने दुसऱ्या गावी जाऊन परवाना काढला होता, आणि तिथल्या परीक्षकाने पाच मिनिटांत पास केल्यावर तिला रडू आलं होतं.

"ताई, माझ्या गाडीचे ब्रेक तपासायचेत," साहेब म्हणाले.

"ती गाडी?" पानाताई म्हणाली. "आणा. मला कधीपासून तिच्या पोटात काय आहे ते बघायचंय."

गाडी आली. हँडलपासून पुढच्या चाकापर्यंत तेलाची काळी रबरी नळी जाते, तशीच एक मागच्या चाकाला. ब्रेक दाबला की तेल नळीतून दाब पुढे नेतं आणि चाक थांबतं, हे पानाताईने साहेबांना समजावून सांगितलं. तीस वर्षं ब्रेकची परीक्षा घेणाऱ्या साहेबांना हे आज पहिल्यांदा कळत होतं. तिने टाकीवर जुनी गोधडी पसरली, कारण ब्रेकचं तेल रंग खातं. मग दोन्ही नळ्या सोडवल्या, पुढची स्वच्छ धुऊन पुसली आणि साहेबांच्या हातात दिली.

"फुंका."

"मी?"

"तुम्हीच."

साहेबांनी नळी तोंडाला लावून फुंकर मारली. काही नाही. गाल फुगवून मारली. कान लाल झाले, चष्मा घसरला, तरी दुसऱ्या टोकाला ठेवलेल्या पानाताईच्या बोटाला वारं लागेना. ती मोठ्याने मोजत होती. "एक, दोन, तीन, चार..." चारला कुठे फुस्स झालं.

"आतून सुजलीय नळी," ती म्हणाली. "बाहेरून ठणठणीत, आतून गळा दाबलेला. तुम्ही आज दाबलात की ब्रेक लागणार सावकाश, त्याच्या सवडीने. मागचीचीही तीच गत. रबर इतकं सुजायला सात-आठ वर्षं तरी गेली असतील."

साहेब नळी हातात धरून उभे राहिले.

"म्हणजे गेली आठ वर्षं जे रेषेवर थांबले नाहीत..."

"ते थांबले होते, साहेब. गाडी थांबली नव्हती."

"आणि जे पास झाले?"

"ते भित्रे. लांबूनच ज्यांची पाचावर धारण बसली ते दाबून मोकळे झाले, आणि नेमके रेषेवर आले. नाहीतर चिठ्ठीवाले. बाहेर रस्त्यावर बघा की, आपल्या गावात हिरवा दिवा असला तरी लोक वीस पावलं आधी थांबून विचार करतात. बाहेरून आलेली माणसं मला विचारतात, इथे काही झालं होतं का म्हणून."

नव्या नळ्या बसल्या. तांब्याच्या नव्या चकत्या घातल्या, बोल्ट आवळले. मग राहिलं हवा काढायचं काम, ज्याला दोन माणसं लागतात. एकाने गाडीवर बसून ब्रेक दाबायचा, दुसऱ्याने खाली चाकाशी बसून पान्याने बारीक तोटी उघडायची. साहेब आयुष्यात पहिल्यांदा त्या सीटवर बसले. पानाताई खालून हुकूम सोडू लागली.

"दाबा. धरा. धरा! सोडू नका अजून. हं, सोडा."

साहेबांनी आधीच सोडला होता. सुळकन हवा परत आत गेली.

"पुन्हा," ती म्हणाली. पाचव्यांदा ती पुन्हा म्हणाली तेव्हा साहेबांच्या तळहाताला घाम सुटला होता आणि मान आपोआप खाली गेली होती. अकराव्यांदा बुडबुडे थांबले, ब्रेक दगडासारखा घट्ट झाला, आणि पानाताई उठून हात पुसत म्हणाली, "झालं. आता केसावर उभी राहील."

साहेब घरी आले ते जेवलेच नाहीत.

"तुम्ही कुणाचं वाईट केलं नाहीत," बायको म्हणाली. "नळीने केलं."

"नळी माझी होती."

"मग आता काय, तिला पण परत या म्हणणार?"

साहेबांनी मात्र ठरवून टाकलं होतं. आठ वर्षांत ज्यांना ज्यांना फुली मारली त्या सगळ्यांची परीक्षा पुन्हा घ्यायची. कार्यालयाने जुन्या वह्या द्यायला नकार दिला. निवृत्त माणसाला त्या दाखवायच्या असं नियमात नव्हतं, आणि हे ऐकून साहेबांनीच मान डोलावली. उरली स्वतःची आठवण. पण आठवणीत नावं नव्हती, चेहरे होते. तेही एकाच अवस्थेतले. रेषा ओलांडून अंगावर येणारा माणूस, डोळे फाटलेले, तोंड उघडं, भुवया कपाळात. बाजारात शांतपणे वांगी निवडणाऱ्या माणसाचा चेहरा पाहून साहेबांना काहीच आठवेना.

मग त्यांना उपाय सुचला. दुसऱ्या दिवशी सकाळी ते बाजारातल्या एका खांबाआड उभे राहिले. समोरून एक गृहस्थ पिशवी घेऊन आले. साहेब झटकन पुढे उडी मारून म्हणाले, "भॉक!"

गृहस्थांचे डोळे फाटले, तोंड उघडलं, भुवया वर गेल्या.

"तुम्ही नाही," साहेब म्हणाले. "माफ करा." आणि पुन्हा खांबाआड गेले.

चार दिवस हे चाललं. करडा कोट घातलेला, चष्मेवाला, साठीचा सभ्य माणूस कोपऱ्याकोपऱ्यावर लोकांना दचकवत होता आणि मान हलवून माफी मागत होता. दातांच्या डॉक्टरांना त्यांनी दवाखान्याच्या दारात दचकवलं आणि आनंदाने ओरडले, "तुम्हीच! तिसरी फेरी, डाव्या बाजूला कललेले!" डॉक्टरांच्या हातातला कवळीचा साचा फुटला. शाळेतल्या गणिताच्या बाई सापडल्या, पेपर टाकणारा सापडला, कार्यालयाचा पहारेकरीही सापडला. तो तर न दचकवताच म्हणाला, "मी आहे साहेब, चार वेळा." घरी तक्रारींची रीघ लागली. बायको दारात उभी राहून प्रत्येकाला शांतपणे सांगे, "ते तुमच्या भल्यासाठीच दचकवतायत. रविवारी मैदानात या, म्हणजे कळेल."

रविवारी मैदानात एकोणीस जण आले. पहारेकऱ्याने फाटक उघडलं आणि स्वतःही रांगेत उभा राहिला. साहेबांनी आधी सगळ्यांपुढे नळी वर धरून दाखवली आणि घडलेलं सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. "मी देईन त्या कागदाला कायद्याने काही अर्थ नाही," असंही स्पष्ट सांगितलं. गणिताच्या बाई पुटपुटल्या, "आठ वर्षं मी बसने जातेय." मग साहेबांनी चुन्याची रेषा ओढली आणि पाटी छातीशी धरून उभे राहिले.

पहिला सीटवाला. त्याच्याच हातच्या सीटवर तो ताठ बसला आणि निघाला. पाच वर्षांत तो काही विसरला नव्हता. बरोबर बावीस पावलं आधी, जीव खाऊन, त्याने ब्रेक दाबला. गाडी तिथल्या तिथे खिळली. सीटवाला सीट सोडून टाकीवर आला आणि हँडलला मिठी मारून थांबला. चाक रेषेपासून बावीस पावलं अलीकडे.

अलीकडे थांबलं तरी फुली, हा नियम होता. साहेबांचं पेन कागदावर टेकलं. चष्मा नाकावरून खाली सरकला. ओठ हलले. सगळ्यांना 'प' ऐकू आल्यासारखा वाटला. पानाताई, जी नुसती बघायला आली होती, तिने डोळे मिटून घेतले.

गाडीवरचा सीटवाला उतरेना, हलेना. मग साहेबांनी पाटी खाली ठेवली. चुन्याचा डबा उचलला, बावीस पावलं चालत गाडीपाशी गेले, खाली वाकले आणि पुढच्या चाकाच्या बरोबर खालून एक सरळ, स्वच्छ रेषा ओढली. गुडघे झटकून उभे राहिले.

"रेषेवर आहे," ते म्हणाले. "पास."

त्यानंतर कुणाला आवरणार? डॉक्टर सतरा पावलांवर थांबले, रेषा तिथे आली. गणिताच्या बाई रेषा ओलांडून चार हात पुढे गेल्या, रेषा त्यांच्यामागून धावत गेली. पहारेकरी भलतीकडेच वळला आणि फाटकाशी थांबला. साहेब डबा घेऊन फाटकापर्यंत गेले. उन्हं उतरेपर्यंत मैदान वही आखल्यासारखं दिसायला लागलं, चुना संपला, साहेबांच्या कमरेत उसण भरली, आणि शेवटच्या दोन रेषा त्यांनी बायकोच्या खांद्याचा आधार घेऊन मारल्या. प्रत्येकाला त्यांनी हाताने लिहिलेला कागद दिला. सीटवाल्याने तो चौकटीत घालून शिलाई यंत्रावर लावला. पुढच्या महिन्यात तो कार्यालयात जाऊन खऱ्या परीक्षेला बसला, नव्या परीक्षक बाईंनी त्याला पहिल्या फेरीत पास केलं, आणि आता तो सीटा गाडीवरून पोचवतो. डोक्यावर काही नसल्यामुळे त्याची मान दुखायला लागली आहे, एवढीच त्याची तक्रार.

उरलेले दोष साहेबांनी सावकाश दुरुस्त केले. टाकीला रंग दिला, आरसा सरळ केला. स्वतःचा परवानाही रीतसर काढला, चौथ्या खेपेला. रविवारी ते बायकोला मागे बसवून तिच्या बहिणीकडे जातात. पहिला गियर सोडत नाहीत, वळणाच्या पन्नास पावलं आधी हात बाहेर काढतात, आणि प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी उतरून दोन्ही बाजूंना बघून येतात. चार घरं झाली की बायको हळूच खाली उतरते. साहेबांना ते कळत नाही. ती बाजूने चालत, मागच्या आठवड्यात राहिलेलं काहीबाही बोलत राहते, ते मान डोलावून ऐकत राहतात. मग ती म्हणते, "मी होते पुढे, तुम्ही या सावकाश," आणि बहिणीकडे पोचून सांगते, "चहा आत्ता नको टाकूस. हे अजून चौकात आहेत."